न पिणाऱ्याचं लिव्हर

आमच्या घरात लिव्हर या शब्दाला एकच अर्थ होता. माझे काका, म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ, लिव्हर खराब होऊन गेले. पोट मडक्यासारखं फुगलेलं, डोळे पिवळे, हातापायाच्या काड्या. मी तेव्हा कॉलेजात होतो. काका पितात हे सगळ्या गावाला माहीत होतं. शेवटी शेवटी ते म्हणायचे की आता सोडली, थेंबसुद्धा घेत नाही. त्यावर कोणी विश्वास ठेवला नाही. वडील रोज संध्याकाळी त्यांच्या खाटेजवळ जाऊन बसायचे आणि बोलता बोलता वाकून त्यांच्या तोंडाचा वास घ्यायचे. काकांना ते कळायचं. ते तोंड भिंतीकडे फिरवायचे. वडील त्याचाही अर्थ लावायचे.

काका गेल्यावर आमच्या घरात दारूचं नावसुद्धा कोणी काढत नसे. मी तर कधी चाखलीही नाही. यात माझा फार मोठेपणा नाही. ते पिवळे डोळे पाहिल्यावर इच्छाच झाली नाही.

आमचं गाव कळसाडीच्या थोडं पुढे. घरची शेती वडील बघत, आता वाट्याने दिली आहे. मी शहाद्याला मोटार रिवाइंडिंगचं दुकान चालवतो. केळीच्या, उसाच्या बागांतल्या पाण्याच्या मोटारी जळतात, लोक त्या गाडीत टाकून आणतात, मी जुनी तार काढून नवी भरतो. काम बसून करायचं. पाठ धरते, म्हणून गोळी घ्यायची. गोळीने पोटात जळजळ होते, म्हणून सकाळी उपाशीपोटी ॲसिडिटीची गोळी. ही दुसरी गोळी मी इतकी वर्षं घेत होतो की ती औषध आहे हेही विसरलो होतो. ब्रश केला, गोळी घेतली, चहा प्यायला. दुपारी डबा असायचाच, पण चार वाजता समोरच्या गाडीवरची कचोरी आणि उन्हाळ्यात थंड बाटली ठरलेली. पोट साफ होत नसे. गॅस धरायचा. ताप आला की मेडिकलवाल्याला सांगून अँटिबायोटिक घ्यायचं आणि बरं वाटलं की अर्ध्यावर सोडायचं. माझ्या ओळखीचे बहुतेक लोक असेच जगतात, त्यामुळे मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

मग उजव्या बरगडीखाली जड वाटायला लागलं. दुखणं म्हणावं असं काही नाही, पण आत कोणी ओली गोणी ठेवल्यासारखं. दुपारनंतर अंगात जीव राहत नसे. बायकोने मागे लागून सोनोग्राफी आणि रक्ततपासणी करायला लावली आणि रिपोर्ट घेऊन आम्ही दोघं एका डॉक्टरांकडे गेलो. त्यांच्याकडे बाहेर खूप गर्दी होती. त्यांनी रिपोर्टवर नजर टाकली आणि मान वर न करताच म्हणाले, “फॅटी लिव्हर आहे, ग्रेड टू. दारू बंद करावी लागेल.”

मी म्हणालो, मी पीत नाही. तेव्हा त्यांनी वर पाहिलं आणि हसले. समजूतदार हसू होतं ते. म्हणाले, सगळे असंच सांगतात, बाई सोबत असल्या की जास्तच सांगतात. मग त्यांनी गोळ्या लिहून दिल्या आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

बायको माझ्या शेजारच्या खुर्चीवर होती.  मोटरसायकलवर बसताना ती नेहमी माझ्या खांद्यावर हात ठेवते. त्या दिवशी तिने मागचा कॅरिअर धरला.  गाडी अंगणात लावली तेव्हा खाली उतरून तिने पदर सारखा केला आणि हळू आवाजात विचारलं, “खरं सांगा, तुम्ही पेतस का?”

लग्नाला वीस-बावीस वर्षं झाली होती. मुलगी लग्न होऊन सासरी गेली होती. आणि अंगणात उभं राहून मला हा प्रश्न ऐकावा लागत होता. मी नाही म्हणालो. ती बरं म्हणाली आणि आत गेली. त्या ‘बरं’मध्ये मला काही बरं ऐकू आलं नाही.

वडिलांना, घरात सगळे त्यांना आबा म्हणतात, तिने त्याच संध्याकाळी सांगितलं. ऐंशीकडे झुकलेले, पण कान आणि नाक दोन्ही शाबूत. त्यांनी मला समोर बसवलं.  मग म्हणाले, “मन्हा डोकावर हात ठेव आनि सांग.”

मी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. त्यांचे केस विरळ आणि गरम होते. मी शपथ घेतली. त्यांनी माझा हात हळूच खाली काढला आणि म्हणाले, “मन्हा भाऊनी बी आसंच सांगं व्हतं.”

तिथून पुढे घरात माझ्यावर पहारा बसला. उघड कोणी काही बोलत नसे. मी दुकानातून आलो की बायको दारातच यायची आणि डबा हातातून घ्यायची. पूर्वी मी डबा ओट्यावर ठेवायचो, तिला दारात येण्याची गरज नव्हती. डबा घेताना ती श्वास आत ओढायची. माझे शर्ट धुण्याआधी नाकाजवळ धरलेले मी दोनदा पाहिले. त्यात माझ्या धंद्याने घात केला. मोटारीत तार भरून झाली की तिच्यावर व्हार्निश ओततात, व्हार्निश पातळ करायला थिनर लागतं. त्या दोन्हींचा वास कपड्यांत बसतो, नखांत बसतो, आणि तो वास गोडसर, डोक्यात जाणारा असतो. आयुष्यभर तो वास तिला माझा वास म्हणून माहीत होता. आता त्याच वासाखाली दुसरा कोणता वास लपला आहे का, हे ती शोधत होती.

वडील दुकानात यायला लागले. गावातून एसटीने शहाद्याला यायचे, स्टँडवरून चालत दुकानापर्यंत, आणि बाकावर बसून राहायचे. म्हणायचे, घरी करमत नाही. एकदा मी बाहेर गिऱ्हाइकाशी बोलून आत वळलो तर ते फळीवरची थिनरची बाटली उघडून हुंगत होते. माझी चाहूल लागल्यावर त्यांनी बूच लावलं, बाटली जागेवर ठेवली आणि हवेत उकाडा फार आहे असं काहीतरी म्हणाले. मीही हो म्हणालो.

गावात बातमी कशी गेली ते मला आजही माहीत नाही. डॉक्टरांकडच्या गर्दीत कोणी होतं का, मेडिकलवाल्याने गोळ्या ओळखल्या का, की घरातूनच कोणी बोललं? मी एकेकाचा चेहरा आठवून बघायचो. तब्येत कशी आहे असं कोणी विचारलं की प्रश्न साधा आहे की त्याला शेपूट आहे याचा विचार करत बसायचो. पारावरचे चारचौघे बोलताना मी आलो की विषय बदलतो असं वाटायचं. बदलत असेल किंवा नसेल. सगळ्यात वाईट म्हणजे गावातले पिणारे लोक माझ्याशी गोड वागायला लागले. एकाने तर वाटेत थांबवून खांद्यावर हात टाकला, आणि जपून घेत जा, देशीपेक्षा इंग्लिश लिव्हरला कमी त्रास देते, असा मनापासून सल्ला दिला. मी घेतच नाही म्हणालो. त्याने डोळा मारला.

मी घरीच जेवत होतो, गोळ्या घेत होतो, आणि तरी उतरत चाललो होतो. आधी नुसता गॅस होता. आता पोट वारंवार बिघडायचं. सकाळी मळमळ, जेवल्यावर ढवळून येणं, अंगाला खाज. जुलाब लागले की दुकान अर्ध्यावर बंद करून यावं लागे. याच सुमारास घरात ताक सुरू झालं होतं. पूर्वी आमच्याकडे ताक उन्हाळ्यात व्हायचं. आता रोज दुपारच्या डब्यात ताकाची बाटली आणि रात्री जेवताना पेला. पोटाला चांगलं, बायको म्हणाली. मलाही ते पटलं. पण त्या ताकाला मागून एक कडवट चव यायची. मी विचारलं तर ती म्हणाली ओवा भाजून घातलाय. मी म्हणालो ओवा असा लागत नाही. ती म्हणाली मग हिंग असेल.

रात्रीचा पेला वडील स्वतः आणून द्यायला लागले. हे मला खटकलं. माझ्या वडिलांनी आयुष्यात मला कधी हाताने पाणीसुद्धा दिलं नव्हतं, तसा त्यांचा स्वभावच नाही. पेला माझ्या हातात देऊन ते समोर बसायचे आणि तो रिकामा होईपर्यंत उठायचे नाहीत. एकदा मला मुळीच नको वाटलं. मी पेला त्यांच्याकडे सरकवला आणि म्हणालो, आज तुम्ही घ्या. वडिलांना ताक प्राणाहून प्रिय. भर थंडीतही ते नाही म्हणत नसत. त्या दिवशी ते म्हणाले, नको, घसा धरलाय. बायको चुलीजवळ होती. तिने पोळी लाटता लाटता मागे वळून पाहिलं आणि लगेच मान फिरवली.

मी पेला उचलला आणि प्यायलो. पण त्या क्षणापासून माझ्या मनात जे आलं ते आलंच. आपल्याला काहीतरी दिलं जात आहे. कोण देतंय, का देतंय, काय देतंय? दुसऱ्या दिवशी डब्यातलं ताक मी दुकानामागच्या गटारात ओतलं. त्याच्या पुढच्या दिवशीही. पोट शांत झालं. रात्रीचा पेला टाळता येत नव्हता, पण तेवढ्यानेही फरक पडला. मग मी मुद्दाम एक दिवस डब्यातलं ताक पूर्ण प्यायलो. त्या दिवशी एका मोटारीला व्हार्निश देत असताना वास डोक्यात गेला आणि दुकानाच्या पायरीवरच मला मोठी उलटी झाली. वडील बाकावर होते. त्यांनी मला पाणी दिलं, पाठ चोळली. त्यांच्या चेहऱ्यावर काळजी होती, आणि काळजीच्या खाली, मला चांगलं आठवतं, समाधान होतं. शोधत असलेली वस्तू सापडावी तसं.

मला वडिलांची भीती वाटली. पन्नाशीला आलेल्या माणसाने असं लिहावं का माहीत नाही, पण वाटली. ज्या बायकोने मुलीच्या लग्नात तीन दिवस माझ्याआधी एक घास घेतला नव्हता, तिच्या हातच्या ताटाकडे मी त्या रात्री संशयाने पाहत होतो. भाजीत चमचा फिरवून बघत होतो. आणि ती माझ्याकडे पाहत होती. आम्ही तिघं एका घरात एकमेकांचे वास आणि चवी घेत जगत होतो.

पहिल्या डॉक्टरांकडे परत जायची माझी इच्छा नव्हती. नंदुरबारला धुळ्याहून पोटविकाराच्या एक डॉक्टरीणबाई ठरावीक दिवशी येतात, असं एका गिऱ्हाइकाने सांगितलं. त्यांच्याकडे जायचं ठरवलं. बायको म्हणाली मी येते. ती का येते आहे हेही मला नीट कळत नव्हतं. मी काही खोटं सांगू नये म्हणून येत असावी, असं मी धरून चाललो.

बाईंनी आधी रक्त तपासायला सांगितलं आणि रिपोर्ट आल्यावर आत बोलावलं. जुना रिपोर्ट आणि नवा रिपोर्ट शेजारी ठेवून त्या बराच वेळ वाचत होत्या. मग त्यांनी विचारलं, दारू घेता का? मी नाही म्हणालो. त्यांनी ते लिहून घेतलं आणि पुढचा प्रश्न विचारला. एवढंच. हसल्या नाहीत, बायकोकडे पाहिलं नाही. पुढच्या प्रश्नाचं उत्तर मी जरा उशिराने दिलं.

त्यांनी पोटाचं सगळं विचारलं. कधी जाता, कसं होतं, किती वर्षांपासून, कोणत्या गोळ्या, कोण लिहून देतं, अँटिबायोटिक किती वेळा, भाकरी खाता की पोळी, थंड बाटली किती, कचोरी किती. माझ्या खाण्याचा इतका बारीक तपास कोणी केला नव्हता. शेवटी त्या म्हणाल्या की लिव्हरवरची चरबी एका बाजूला, पण दोन महिन्यांत लिव्हरचे आकडे इतके वाढायला नको होते. “घरात कोणी काही देतंय का? काढा, पूड, जडीबुटी, काहीही?”

मी नाही म्हणणार होतो. ताकाचं काय सांगणार? पुरावा नव्हता. तेवढ्यात शेजारून आवाज आला.

“मी देस त्यासले,” बायको म्हणाली. “ताकमा.”

बाईंना अहिराणी समजत होती. त्यांनी पेन खाली ठेवलं. काय देता, असं त्यांनी शांतपणे विचारलं, आणि बायकोने जमिनीकडे पाहत सगळं सांगितलं. नात्यातल्या माणसाकडे जातो असं सांगून वडील खांडबाऱ्याच्या बाजारात गेले होते. तिथे दारू सोडवायची पूड विकणारा बसतो असं त्यांनी ऐकलं होतं. पिणाऱ्याला न सांगता ताकातून द्यायची. विकणाऱ्याने सांगितलं होतं की माणूस चोरून पीत असेल तर त्याला दारूचा वास येताच उलटी होईल, पीत नसेल तर काहीही होणार नाही. मला दुकानाच्या पायरीवर उलटी झाली तेव्हा वडिलांनी घरी येऊन तिला सांगितलं की आता खात्री झाली. तिने त्या दिवसापासून पूड थोडी जास्त घालायला सुरुवात केली.

मी तिच्याकडे पाहिलं नाही. बाईंनी विचारलं की पूड आणली आहे का. बायकोने पिशवीतून कागदाची पुडी काढली. ती पिशवीत घेऊनच आली होती. म्हणजे सांगायचं तिने घरून निघतानाच ठरवलं असावं. हे मला फार नंतर सुचलं, तेव्हा मी फक्त पुडीकडे पाहत होतो. राखाडी रंगाची, साधी दिसणारी पूड. बाईंनी ती हुंगली, बाजूला ठेवली आणि म्हणाल्या की यात काय आहे मला माहीत नाही, विकणाऱ्यालाही माहीत नसेल, पण जे काही आहे ते आतडं आणि लिव्हर दोन्हींना भोवतंय. आजपासून बंद. त्या बायकोला रागावल्या नाहीत. कदाचित अशी पुडी त्यांच्या टेबलावर पहिल्यांदा आली नसावी.

मग त्यांनी जे समजावलं ते मी माझ्या शब्दांत सांगतो, कारण त्यांचे शब्द मला पूर्ण आठवत नाहीत. आतड्यातून जे रक्त निघतं ते आधी लिव्हरकडे जातं, मग बाकी शरीराकडे. त्यामुळे आतड्यात जे काही चांगलं-वाईट तयार होतं त्याचा पहिला मारा लिव्हरवर. आतड्यात कोट्यवधी जंतू राहतात, त्यातले पुष्कळ आपल्या कामाचे. त्यांना भाकरी, डाळ, भाज्यांचा चोथा लागतो. तो मिळाला नाही, वर साखर, तेल, मनाने घेतलेल्या गोळ्या यांचा मारा झाला, की कामाचे जंतू कमी होतात आणि उपद्रवी वाढतात. आतड्याचं आतलं अस्तर कमजोर होतं. नको ते रक्तात झिरपतं आणि लिव्हरला सूज आणतं. चरबी साठायला पोट सुटणं, बसून राहणं, गोड खाणं ही कारणं आहेतच, पण आतडं बिघडलेलं असलं की लिव्हर त्यातून सावरत नाही.

झिरपण्याचं मला लगेच समजलं. मोटारीत तारेवरचा लेप गेला की करंट बॉडीत उतरतो. मोटार बाहेरून धडधाकट दिसते, हात लावला की झटका देते.

माझ्या बाबतीत नेमकं कशामुळे किती झालं हे सांगता येणार नाही, असं बाई म्हणाल्या. तेही मला आवडलं. पण निघता निघता त्या आणखी एक गोष्ट बोलल्या. काही लोकांच्या आतड्यात असे जंतू असतात जे साखरेपासून आतल्या आत थोडी दारू तयार करतात. माणूस थेंब पीत नाही, आणि लिव्हरला मात्र थोडी थोडी पोचत राहते. तुमचं तसंच आहे असं मी म्हणत नाही, त्या म्हणाल्या, पण पीत नसलेल्या माणसाचं लिव्हर खराब होतं यात नवल काही नाही, हे घरच्यांना सांगा.

आम्ही बाहेर आलो आणि एसटी स्टँडवर बाकावर बसलो.  मग तिने मला विचारलं की पोटात दारू तयार होते हे खरं असेल का. मी म्हणालो, बाई शिकलेल्या आहेत. ती म्हणाली, हे आबांना सांगायचं नाही. तिचं बरोबर होतं. वडिलांनी त्यातून एवढंच घेतलं असतं की दारू आहे, कुठून का येईना. त्या बाकावर आम्ही दोघं दोन महिन्यांत पहिल्यांदा हसलो. हसू थांबल्यावर ती रडली.  माझ्या मनात राग होता, तो लगेच गेला असं म्हणणं खोटं होईल. पण राग कुठे ठेवायचा ते कळत नव्हतं. जिने पूड घातली तिनेच सांगितलं होतं.

पूड बंद झाली आणि माझं पोट हळूहळू ताळ्यावर आलं. पुढच्या खेपेला आकडे उतरले होते. त्या खेपेला बाईंनी बायकोलाच प्रश्न विचारले. ती खुर्चीत बसल्या बसल्या पोट दाबत होती हे त्यांनी पाहिलं होतं. बायकोचं अंग काडीसारखं. तिला काय होणार असं आम्ही सगळेच समजत होतो. पण तीही वर्षानुवर्षं माझ्याच डबीतली ॲसिडिटीची गोळी घ्यायची. आठवड्यातले दोन उपास, त्यात साबुदाणा, बटाटा आणि दिवसभर गोड चहा. सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं खायचं, भाजी संपलेली असेल तर नुसती पोळी आणि लोणचं. बाईंनी तिची सोनोग्राफी करवली. फॅटी लिव्हर, ग्रेड वन.

रिपोर्ट तिने स्वतः वाचला. तेवढं इंग्रजी तिला येतं. तिने कागदाची घडी केली, माझ्याजवळ सरकली आणि म्हणाली, “आते मन्हा तोंडना वास ल्या.”

ती हसत नव्हती.

वडिलांना आम्ही दोघांनी मिळून सांगितलं. ते ओट्यावर बसले होते. सुनेचंही लिव्हर तसंच आहे हे कळल्यावर त्यांनी आधी मान हलवली, जणू आम्ही दोघांनी ठरवून गोष्ट रचली आहे. मग त्यांनी सुनेकडे नीट पाहिलं. सून पीत असेल ही कल्पना त्यांच्या मनात शिरायला जागाच नव्हती. त्यांची ती जुनी खात्री तिथे अडकली. त्यांनी विचारलं की मग प्यायल्याशिवायही होतं? बायको म्हणाली होतं, डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय.  समोरच्या रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर गेला, त्याची धूळ खाली बसली. मग ते कोणालाही उद्देशून नाही अशा आवाजात म्हणाले, “मंग तो खरं बोली ऱ्हायना व्हता का?”

काकांचं काय होतं हे आता कोणी सांगू शकत नाही. ते आधी भरपूर प्यायचे, हे खरं. शेवटी सोडली होती की नाही, हे त्यांचं त्यांनाच माहीत. मी वडिलांना तसं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. ते आत गेले आणि त्या दिवशी जेवले नाहीत. माझ्या ताकात घालायला त्यांनी पूड आणली याबद्दल ते मला आजवर एक शब्द बोललेले नाहीत, आणि मीही काढलेलं नाही. पण त्यानंतर ते दुकानात येऊन बसले नाहीत.

घरातलं खाणं बदललं. यात मोठं असं काही नव्हतं. दादर ज्वारीच्या पिठाची भाकरी परत आली, जी आम्ही पोळीच्या नादात पाहुण्यांपुरती ठेवली होती. उडदाची डाळ, अंबाडी, मेथी, पावट्याच्या शेंगा, सोबत ताक. सुरुवातीला ताक मी स्वतः घुसळून घ्यायचो. बायको रवी धुऊन माझ्या हाताशी ठेवून द्यायची. पुढे कधीतरी मी तिच्या हातून घ्यायला लागलो. कधीपासून ते आठवत नाही. गोळ्या बाईंच्या सांगण्यावरून हळूहळू कमी झाल्या. ॲसिडिटीची गोळी सुटताना फार त्रास झाला, छातीत आग उठायची. कचोरी सुटली. थंड बाटली सुटायला सगळ्यात जास्त वेळ लागला. संध्याकाळी आम्ही दोघं कालव्याच्या रस्त्याने चालायला जातो. गावाला त्यातही काहीतरी दिसतं, पण आता मी फार लक्ष देत नाही. वर्षभराने केलेल्या सोनोग्राफीत माझं ग्रेड वन आलं, बायकोचं नॉर्मल. बाई म्हणाल्या, असंच चालू ठेवा, आणि दर खेपेला दाखवायला या. आम्ही जातो.

आता एक नवीनच त्रास सुरू झाला आहे. माझं पोट उतरलं, चेहऱ्यावर जरा तेज आलं, तशी दुसरी बातमी पसरली की याचं लिव्हर बरं झालं. लोक दुकानात येतात. मोटारीचं बोलता बोलता बाकावर टेकतात आणि आवाज उतरवून विचारतात की औषध कोणतं. परवा धडगावकडचा एक माणूस दुरुस्तीला टाकलेला पंप न्यायला आला होता. त्याच्या भावाचं लिव्हर सुजलं आहे. मी त्याला आधी विचारलं, भाऊ पितो का? त्याने मान खाली घातली आणि हो म्हणाला. मी सांगितलं की त्याचं आधी ते सोडवा, आणि चोरून काही देऊ नका, डॉक्टरांकडे न्या. माझ्याकडे औषध नाही. भाकरी, डाळ, भाजी, ताक, चालणं, आणि नको त्या गोळ्या बंद, एवढंच झालं.

त्याने सगळं शांतपणे ऐकलं. मग माझ्याकडे पाहून हळूच म्हणाला की साहेब, तुम्हाला सांगायचं नसेल तर राहू द्या, पण माझा भाऊ आहे. मी बाईंचं नाव, त्या बसतात तो पत्ता आणि त्यांचे वार कागदावर लिहून दिले. कागद त्याने खिशात ठेवला. दुरुस्त पंप टेम्पोत चढवताना तो मागे वळून दुकानाच्या फळ्यांकडे, बाटल्यांकडे, डब्यांकडे नजर फिरवत होता. खरं औषध मी कुठे ठेवलं आहे ते शोधत होता.